जळकोटचा ठेंगा

माझी उभी नोकरी हात दाखवण्यात गेली. रत्नागिरीत मी वाहतूक पोलीस होतो. चौकात उभं राहायचं, उजवा हात वर केला की एसटी थांबायची, डावा हलवला की रिक्षा सुटायच्या. मी लोकांना हात दाखवले आणि लोकांनी मला दाखवले. फरक एवढाच की माझे हात खात्यानं शिकवलेले होते आणि त्यांचे घरचे होते. त्यांच्या हातांत जास्त जिवंतपणा असायचा, हे मी निवृत्त झालो म्हणून आता कबूल करतो.

निवृत्तीनंतर लोक गुलाब लावतात, नाहीतर ज्येष्ठांच्या कट्ट्यावर जाऊन बसतात. मी वाह्यात हातवाऱ्यांच्या मागं लागलो. कुठला हात कुठून आला, हे जो भेटेल त्याला विचारत सुटलो. त्याचं मूळ लहानपणात आहे. शिमग्याला पालथा हात तोंडावर मारून बोंब ठोकलेली आईला चालायची, पण दिवाळीत ठोकली की ती पाठीत धपाटा घालायची. का, ते सांगायची नाही. पुढं वडील गेले. स्मशानात मडकं फोडल्यावर भटजींनी मला तसाच पालथा हात तोंडावर मारायला लावला, तेव्हा धपाट्याचा अर्थ कळला. त्या दिवसापासून माझी खात्री आहे की प्रत्येक वाह्यात हाताच्या मागं कुणीतरी कधीतरी मनापासून रडलेलं नाहीतर चिडलेलं असतं.

माझी बायको मंगल याला "तुमचं ते घाणेरडं संशोधन" म्हणते.

तर आम्ही धाराशिव जिल्ह्यात गेलो ते या संशोधनासाठी नव्हे. आमची मुलगी सायली पुण्यात नोकरी करते. तिथंच तिला महेश भेटला. मुलगा गुणी, बोलायला गोड, गाव तुळजापूर तालुक्यातलं जळकोट. त्याची आई तो रांगत असतानाच गेली. वडिलांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, त्याला वाढवलं. त्यापायी स्वतःचं लग्नही केलं नाही. घरात शब्द चालतो तो आक्कांचा. महेशनं आम्हाला स्वच्छ सांगितलं होतं, "वडलांचं काही नाही. आक्का हो म्हणाली की झालं. नाही म्हणाली तर मी तिच्या मनाविरुद्ध जाणार नाही."

सायलीनं हे ऐकून घेतलं होतं आणि तरीही तिला तोच हवा होता.

रीतीनं मुलाकडच्यांनी आधी यायचं. पण आक्कांचा उलटा निरोप आला. कोकणातली माणसं पाण्यात वाढलेली, त्यांनी आधी आमचं गाव बघावं, इथं पोरगी नांदेल का ते ठरवावं, मग बोलू. मला हा निरोप फार आवडला. सायली म्हणाली, गाडी मीच चालवणार. मंगल म्हणाली, वाटेत तुळजापूर करू. आणि निघण्याआधी तिनं मला देवापुढं उभं करून वदवून घेतलं की आक्कांच्या घरी हातवाऱ्यांचा विषय काढणार नाही. लग्न ठरेपर्यंत अवाक्षर नाही.

"आणि बाहेर कुठं कुणी आपणहून सांगितलं तर?"

"बाहेर काय वाटेल ते करा."

तुळजापूर

फाल्गुन लागला होता आणि ऊन तापायला लागलं होतं. आमच्याकडं ऊन असलं तरी डोक्यावर झाड असतं. इथं ऊन आणि तुम्ही समोरासमोर येता. देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कुंकवाचे ढीग, कवड्यांच्या माळा, परड्या, आणि "मावशी, पेढं घ्या" म्हणणारे दुकानदार. सोलापूरच्या गाड्यांतून माणसं उतरत होती ती "आई राजा उदो उदो" करतच. आमच्या कोकणात देवाला जाताना माणूस हळू आवाजात बोलतो. इथं देवीला आधी आपण आल्याचं ओरडून कळवतात, आणि मला वाटतं तेच बरं आहे.

दुसरी गंमत म्हणजे इथं देवीकडं जायला पायऱ्या उतराव्या लागतात. आम्हाला देवळात चढून जायची सवय. उतरताना आपण माहेरच्या परसात चाललोय असं मंगलला वाटलं, तसं ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. पोरीचं लग्न ठरायचं असलं की बायकांना माहेर आठवतं.

दर्शन झाल्यावर पुजाऱ्यांच्या घरी जेवण होतं. पुरणपोळी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. त्याची आमटी अशी लागते की आपल्या साध्या आमटीची कीव यावी. दुसरी वाटी घेताना मी पाहिलं, पुजारीबुवा मंगलच्या कपाळाला कुंकू लावत होते ते करंगळीशेजारच्या बोटानं. मी सहज म्हटलं, "आमच्याकडं वीराला वगैरे अंगठ्यानं लावतात." एवढंच म्हटलं. पुढचं ते आपणहून बोलले.

"आंगठ्याचं येगळं हाय," पुजारीबुवा म्हणाले. "देवाला ह्या बोटानं. आंगठा न्हाय चालत. आंगठ्यावरनं पाणी सोडायचं ते पितरांना. आता सांगा, कुणी तुमाला ठेंगा दावला, तर त्येचा अर्थ काय झाला?"

"काय?"

"तुज्या नावानं पाणी सोडलं!"

मी वाटी खाली ठेवली. ठेंग्याचं मूळ मी रत्नागिरीत कितीतरी जणांना विचारलं होतं, पण असं गार करणारं उत्तर कुणी दिलं नव्हतं. "तुम्हाला कुणी दाखवला का कधी?" मी विचारलं.

"जत्रंत रोज," ते म्हणाले. "मी मनात म्हणतो, घे, पितर तरी तरले."

मंगल माझ्याकडं बघत होती. मी तिला नजरेनंच सांगितलं की विषय त्यांनीच काढला.

नळदुर्ग

दुसऱ्या दिवशी नळदुर्गला थांबलो. किल्ला बघावा तो इथला. बोरी नदीवर बंधारा घातलाय आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधलाय. पावसाळ्यात दोन्ही अंगांनी पाणी कोसळतं. त्यांना नर आणि मादी म्हणतात. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही कोरडे होते, नुसते काळे दगड. महालाच्या खिडकीत बसल्यावर मात्र गार वारा आला आणि सायली एकदम म्हणाली, "बाबा, उद्या तुम्ही काही बोलू नका हं. नुसते हसा." तिचा आवाज बारीक झाला होता. मी म्हटलं, "मी तर हसतोसुद्धा फार कमी." तिला हसू आलं नाही.

जेवायला हैदराबाद रस्त्यावरच्या एका ढाब्यावर गेलो. मालक बसअण्णा नावाचे गृहस्थ होते, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीचं लिंग, गिऱ्हाइकाशी मराठीत बोलणार आणि आचाऱ्याला कानडीत झापणार. कानडी मला येत नाही, पण झापताना त्यांचा जो हात हलायचा तो मला अक्षरन् अक्षर समजत होता.

जेवण झालं आणि आमच्या गाडीपुढं एक लांबलचक ट्रक मागं येऊ लागला. ड्रायव्हर पगडीवाला, उत्तरेकडचा. मागं खांब, बाजूला आमची गाडी. माझ्यातला हवालदार जागा झाला. धावत जाऊन मी आरशासमोर उभा राहिलो आणि त्याला मागं घेऊ लागलो. ये, ये, अजून ये. खांब जवळ आला तसा मी पाची बोटं पसरून पंजा त्याच्या तोंडासमोर जोरात धरला. थांब!

ट्रक थांबला. ड्रायव्हर खाली उतरला, ते हातात भला मोठा पाना घेऊनच. तो काय बोलत होता ते थोडं समजलं आणि जेवढं समजलं तेवढं इथं लिहिण्यासारखं नाही. बसअण्णा गल्ला सोडून धावत आले, मध्ये पडले, हिंदीत त्याला समजावलं, मला हाताला धरून बाजेवर बसवलं.

"आवो, काय करायलाव तुमी! असा पंजा तोंडावर धरला की त्येंच्यात लानत म्हणत्यात. लानत म्हणजी, थू तुझ्यावर."

"मी थांब म्हणालो."

"तुमी तेच म्हणला. त्यानं दुसरं ऐकलं."

ड्रायव्हर दिलानं मोठा होता. मी पोलीस होतो हे कळल्यावर त्यानं पाना ठेवला आणि मला चहा पाजला. मग बसअण्णांनाही गप्पांची लहर आली. ठेंग्याचा विषय या वेळी मीच काढला, बाहेर काय वाटेल ते करायची परवानगी होती.

"ठेंगा हितलाच हाय," ते म्हणाले. "निजामाच्या राजात पटवारी यायचा, कागूद फुडं करायचा, म्हणायचा, लाव आंगठा. कागदात काय लिवलंय ते सांगायचा न्हाय. आमच्या पणज्यानं एकदा शाई लावलेला आंगठा कागदावर न टेकवता त्येच्या नाकाफुडं नाचवला. हे घे म्हणला, आंगठाच पायजे नव्हं? बघ पोटभर. तवापासून ठेंगा."

"तुमच्याच पणजोबांपासून?"

"मग कुणाच्या?" बसअण्णा रागावले. "आन् आता पोरं मधलं बोट दावत्यात. कामून दावता म्हणलं तर त्यास्नी बी म्हाईत न्हाय. परदेशातनं आलंय म्हणं. घरचा ठेंगा आसताना!"

गाडीत बसल्यावर सायलीनं आधी आरसा नीट केला. मग म्हणाली, "बाबा, उद्या हात खिशात." मंगल म्हणाली, "दोन्ही." मी कबूल केलं. माझं आयुष्य ज्या हातांवर गेलं ते लेकीच्या सुखासाठी खिशात घालायचे, यात मला जरा त्यागाचाही आनंद झाला.

जळकोट

जळकोट हमरस्त्यावरचंच गाव आहे. घर स्लॅबचं, निळ्या ग्रिलचं, पुढं मोठं अंगण, अंगणात कडुलिंब, पलीकडच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये चूल. शेजारच्या रानात ज्वारीची मळणी चालू होती. मळणीयंत्राचा आवाज असा की शेजारी बसलेल्या माणसाशीही खुणांनीच बोलावं लागे. सगळ्या गावावर भुसा उडत होता. मला हे फार सोयीचं वाटलं. जिथं बोलताच येत नाही तिथं मी बोलून काय बिघडवणार?

महेशचे वडील दत्ताराव दारात आले. सरळ, लाजाळू माणूस, बहिणीकडं बघितल्याशिवाय "बसा"सुद्धा न म्हणणारा. त्यांच्या मागून आक्का आल्या. उंच, नऊवारी पातळ, हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी आमच्या पायांवर पाणी घातलं, सायलीची हनुवटी धरून नीट न्याहाळलं, आणि कानाशी ओरडून म्हणाल्या, "लेकरू वाळलंय. पुण्यात खायला घालत न्हायत व्हय?" मग महेशला म्हणाल्या, "जा, रान दावून आण हिला. हीर कोरडी हाय ती बी दाव. लपवू नगं काय."

दोघं रानात गेली. मी हात खिशात घालून हसत उभा राहिलो. मंगल कानाशी येऊन म्हणाली, "इतकंही नको."

आक्का चुलीकडं गेल्या तशी दत्तारावांनी मला घरात आडोशाला घेतलं. बोलायचं होतं ते मंगलनंही ऐकावं म्हणून तिलाही बोलावलं. "पाव्हणं, एक सांगतो. मागं एकदा पुण्याकडचे पाव्हणं आल्ते. महेशलाच बगाय. जेवले, आक्कानं साड्या नेसवल्या, हसत गेले. आन् जाताना गाडीत बसून त्येंच्या पोरानं आंगठा हालवला. निरोप न्हाय, फोन न्हाय. आक्का तवापासून धसका घेऊन हाय. तुमाला न्हाय आवडलं तर न्हाय म्हणा, पर तोंडानं म्हणा."

मी म्हटलं, "आम्ही तसे नाही." आणि मनापासून म्हटलं.

जेवायला मंगल, दत्ताराव आणि मी ओसरीवर पाटांवर बसलो. वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, येसराची आमटी, दही. आक्का शेडमध्ये भाकरी थापत होत्या आणि दत्ताराव उठून उठून तव्यावरची भाकरी आणून ताटात वाढत होते. आता भाकरी मला नवीन नाही. पण आमच्याकडं तांदळाची, आणि मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत ती बसलेली असते. ही ज्वारीची भाकरी माझ्या ताटात पडली ती टम्म फुगलेली, वरचा पापुद्रा ताणलेला, आतमध्ये वाफ कोंडलेली. खिशातला हात मी काढला, कारण जेवायला दुसरा उपाय नव्हता. तिच्याकडं बघितलं आणि मला ती फोडायचा मोह झाला.

नेमक्या त्याच वेळी शेडमधून आक्कांनी मला हाक मारली असावी. आवाज ऐकू आला नाही, पण त्यांचा हात दिसला. पिठानं भरलेला हात त्यांनी आधी घरावरून फिरवला, मग रानाकडं, मग स्वतःकडं, आणि शेवटी मनगट उलटून तळवा माझ्याकडं केला. असा स्वच्छ प्रश्न चौकातही मला कुणी विचारला नव्हता. घर बघितलं, रान बघितलं, माणसं बघितली, द्यायची का पोरगी?

त्यांच्याकडं बघत बघत मी भाकरीच्या मधोमध अंगठा घातला.

वाफ काय असते ते मला तेव्हा कळलं. अंगठा मी उपसून वर धरला आणि आग कमी व्हावी म्हणून जोरजोरात हलवू लागलो. वेदनेनं माझे दातही बाहेर आले होते. मंगलनं नंतर सांगितलं की लांबून बघणाऱ्याला मी खदाखदा हसतोय असंच वाटलं असतं.

आक्कांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्या वळल्या.

थोड्या वेळानं मळणीयंत्र बंद पडलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत आक्का शेडच्या दारात आल्या, माझ्याकडं तोंड केलं, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफली आणि मोडली. कडाकडा. मग एकेक राहिलेलं बोट धरून मोडलं. अशी बोटमोडणी मी फक्त ऐकून होतो. शहरात बायका फोनवर बोलताना बोटं मोडतात त्यात काही दम नसतो. ही अस्सल होती, दहाच्या दहा बोटांची. माझा अंगठा पोळत होता तरी माझा चेहरा फुलला. मी मंगलला कोपरानं ढोसलं, "बघितलंस? अशी बोटं कुणावर मोडत असतील?"

"तुमच्यावर," मंगल म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

दत्ताराव शेडमध्ये जाऊन आले. ताटाशी उभे राहून जमिनीकडं बघत म्हणाले, "आक्का म्हणती, जेवून घ्या, पाव्हणं. आन् उजेडात निघा. रस्त्याचं काम चालू हाय."

"पण झालं काय?"

त्यांनी फक्त अंगठा वर केला आणि अगदी लाजत, दोनदा हलवला.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ठेंगा! मी आक्कांना ठेंगा दाखवला होता. जिला एका ठेंग्याचा धसका बसलाय, त्या बाईला, तिच्या दारात, तिची भाकरी पुढं असताना. पुजारीबुवांच्या हिशेबानं मी तिच्या नावानं पाणी सोडलं होतं. आणि रानात माझी पोरगी कोरडी विहीर बघून "छान आहे" म्हणत असणार होती.

मी उठलो आणि धावतच शेडकडं गेलो. मागून मंगलनं पकडून अंगठ्याला ओला रुमाल गुंडाळला, म्हणजे आग कमी होईल. त्यामुळं अंगठा होता त्याच्या तिप्पट झाला. चुलीसमोर जाऊन मी म्हणालो, "आक्का, तसं नाही हो! हे बघा!" आणि तो अंगठा त्यांच्या पुढं धरला.

आक्कांनी त्या पांढऱ्या ठेंग्याकडं बघितलं. "एकदा दावून पोट भरलं न्हाय तुमचं?"

"भाजलाय! भाकरीनं भाजलाय!"

"भाकर खाल्ल्यानं आंगठा भाजतंय व्हय कुणाचा?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "पाव्हणं, आमची हीर कोरडी हाय म्हणून आमी बी कोरडे न्हाय. न्हाय म्हणायचं तर न्हाय म्हणा. ठेंगा कामून दावायलाव?"

तेवढ्यात सायली आणि महेश रानातून आली आणि अंगणात थबकली. सायलीनं एकदा माझ्या अंगठ्याकडं बघितलं, एकदा आक्कांकडं, आणि तिला सगळं समजलं. मला तिनं चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी तिच्याकडं बघू शकलो नाही.

"महेश," आक्का म्हणाल्या, "पाव्हण्यांचं ताट आण."

महेशनं ताट आणलं. माझी भाकरी त्यात होती तशीच, फुगा बसलेली, आणि बरोबर मधोमध अंगठ्याएवढं भोक. आक्कांनी ती उचलली, उजेडाकडं धरली आणि भोकातून माझ्याकडं बघितलं.

"हे भोक कुणी पाडलं?"

"मी."

"कामून?"

"फुगली होती," मी म्हटलं. खरं कारण तेवढंच होतं.

आक्का खाली बसल्या. तव्यावरची भाकरी निखाऱ्यापुढं उभी केली. ती टम्म फुगली तशी त्यांनी ती माझ्यापुढं ताटात ठेवली. "ही खावा. माझ्या म्होरं."

ही परीक्षा होती हे मला समजत होतं. शांतपणे कडेनं तुकडा मोडायचा, हेही कळत होतं. पण सगळं घर बघतंय, लेक बघतेय, आणि समोर ती फुगलेली भाकरी. सवय अशी असते. उजव्या हाताला रुमाल होता म्हणून मी डावा हात पुढं केला आणि डाव्या हाताचा अंगठा मधोमध घातला.

पुढचं मला फारसं आठवत नाही. मी ओरडलो, उजव्या अंगठ्यावरचा रुमाल उडाला, आणि आक्कांच्या पुढं मी दोन्ही अंगठे वर करून नाचत होतो.

आधी कुणीच हसलं नाही. मग आक्कांच्या पदराआड काहीतरी हललं. मग तो पदर त्यांनी तोंडात कोंबला, आणि मग त्यांना बसवेना. त्या चुलीपुढंच लोळायच्या बाकी राहिल्या. "आगं माय! दोन दोन! आवो, खोटं बोलायला माणूस एक आंगठा भाजून घेईल, दुसरा कशाला भाजून घेईल?" दत्ताराव हसत होते, मंगल हसत रडत होती. सायलीनं मटकन खाली बसून कपाळ धरलं होतं, आणि बोटांच्या फटीतून तिचे दात दिसत होते.

आक्कांनी माझे दोन्ही हात ओढून पाण्याच्या घंगाळात बुडवले आणि मला तिथंच बसवलं. तेवढ्यात महेश त्यांच्या कानाशी काहीतरी पुटपुटला, तशा त्या जरा दम खाऊन म्हणाल्या, "महेश सांगतोय, तुमी ठेंग्याचं मूळ हुडकायलाव."

मी मंगलकडं बघितलं. तिनं मान हलवून परवानगी दिली.

"हुडकत कुठं फिरता? हितं बसा," आक्का म्हणाल्या. "दूध घालणारा मापात आंगठा बुडवून धरायचा. शेरभर दूध म्हणायचा आन् आंगठ्याएवढं कमी घालायचा. घरी आणून वतलं की कळायचं. मग गिऱ्हाईक दुसऱ्या दिशी त्येला आंगठा दावायचं, हे दिलंस व्हय रं काल? तसा ठेंगा आलाय. आसल्या माणसाला दावायचा ठेंगा, जो कमी घालतोय आन् भरलं म्हणतोय त्येला."

पुजारीबुवांचं मूळ, बसअण्णांचं मूळ आणि आक्कांचं मूळ, तीनही तेवढीच खरी वाटतात मला. पण मन आक्कांच्याकडं झुकतं. कदाचित हात पाण्यात असल्यामुळं असेल.

मग आक्का उठल्या, आत गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "रीत आमी तुमच्या घरी यायची हाय. पर लेकरू दारात आलंच हाय तर रिकाम्या कपाळानं धाडत न्हाय." लिंबाखाली पाट मांडला, सायलीला बसवलं, कुंकू लावलं, ओटी भरली. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "इवाई, उठा आता घंगाळातनं." इवाई म्हणजे व्याही. सकाळपासून मी पाव्हणा होतो.

आणि आता दृष्ट काढायची. आक्कांनी दोन्ही हात सायलीच्या चेहऱ्यावरून मायेनं उतरवले, बोटं वळवून आपल्या कानशिलांवर टेकवली आणि दाबली.

काही वाजलं नाही.

त्यांनी पुन्हा हात उतरवले, पुन्हा दाबली. एक बोटही वाजलं नाही. बोटं वाजली नाहीत तर दृष्ट उतरत नाही, हे कोकणातही मानतात. मंगलच्या तोंडचं पाणी पळालं. आक्कांनी आपल्या बोटांकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

"सगळी तुमच्यावर मोडून बसले की म्या!"

मंगल पुढं सरसावली. पण आक्कांनी हात आडवा धरला. "थांबा इहीणबाई. ज्येच्यामुळं खर्ची पडली त्येनं भरून द्यायची. या इवाई, तुमची द्या."

"मी? हे बायकांचं..."

"या म्हणते नव्हं."

माझ्या हातांनी आयुष्यात काय केलं नव्हतं? गाड्या थांबवल्या, सोडल्या, पावत्या फाडल्या, मिरवणुका वळवल्या. पण पोटच्या पोरीच्या चेहऱ्यावरून ते असे कधी फिरले नव्हते. ओले हात मी तिच्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरवले. कुंकू अजून ओलं होतं, ते जपलं. ती माझ्याकडं बघत होती, लहानपणी शाळेत सोडताना बघायची तशी. मग बोटं वळवून मी कानशिलांवर दाबली.

अख्ख्या नोकरीत ही बोटं कुणावर मोडली नव्हती, म्हणून असेल. ती अशी वाजली की लिंबावरचे कावळे उडाले.

"बापाची मोडली!" आक्का म्हणाल्या. "लई नजर हुती लेकराला."

मुठी आवळताना भाजलेले अंगठे आत दाबले गेले होते. डोळ्यांतून पाणी आलं ते थांबेना. सायली पाटावरून उठायला लागली तसा मी घाईघाईनं म्हणालो, "काही नाही गं. अंगठे पोळलेत, दुसरं काही नाही."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं, उजव्या हाताचा अंगठा वर केला आणि कमी घालणाऱ्या दूधवाल्याला दाखवावा तसा माझ्या डोळ्यांसमोर सावकाश नाचवला. त्याचा अर्थ मला कुणाला विचारावा लागला नाही.